बॉक्सिंग बघताना पाय बघा

आमचे उस्ताद फौजेतून रिटायर झालेले, साताऱ्याकडचे. आम्ही पोरं पहिल्यांदा त्यांच्या घरी मॅच बघायला गेलो तेव्हा त्यांनी टीव्हीवर टॉवेल टाकला. पूर्ण नाही, वरचा अर्धा भाग झाकला, खाली फक्त चार पाय दिसत होते. मॅच होती १९६४ ची, मुहम्मद अली विरुद्ध सोनी लिस्टन, तेव्हा अलीचं नाव अजून कॅशियस क्ले होतं आणि वय होतं २२. उस्ताद म्हणाले, "आता सांगा, मार कोण खातंय?" आम्ही सगळे पंधरा-सोळा वर्षांचे, आम्हाला वाटलं हातच दिसत नाहीत तर सांगणार काय. पण दोन राऊंड बघितल्यावर खरंच कळायला लागलं. एका जोडीचे पाय हलत होते पण त्यांच्यातलं अंतर मोडत नव्हतं, डावीकडे डावीकडे गोल फिरत होते. दुसरी जोडी त्यांच्या मागे, धावायची, थांबायची, परत धावायची, मध्येच दोन्ही पाय जवळ येऊन गुंतल्यासारखे व्हायचे. ते पाय लिस्टनचे. लिस्टनची सगळी दहशत त्याच्या डाव्या हातात होती आणि अली त्या डाव्या हातापासून लांब जाईल असाच फिरत होता. सातव्या राऊंडची बेल वाजली तेव्हा लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही, मॅच तिथेच सोडली.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ऑलिंपिक किंवा एशियन गेम्स आले की घरोघरी चार दिवस बॉक्सिंग बघितलं जातं आणि दर वेळी मला कोणीतरी विचारतं, "अरे हा नुसता पळतोय, मारत का नाहीये?" कधीकधी तो खरंच पळत असतो, ते मान्य. पण बऱ्याचदा तो काम करत असतो आणि आपली नजर हातांवर खिळलेली असल्यामुळे ते काम दिसतच नाही. मला हा खेळ मनापासून आवडतो आणि त्यातली ही बाजू लोकांना दिसत नाही याचं वाईट वाटतं, म्हणून जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. बॉक्सिंगमध्ये बचाव म्हणजे नुसता ठोसा चुकवणं नाही. डोकं मागे ओढून, पाठ फिरवून, खाली बसून कोणीही एखादा ठोसा चुकवू शकतो. चुकवून झाल्यावर तुम्ही कुठे उभे आहात, तोल आहे का, तिथून लगेच परत मारता येईल का, हे बघायचं. कबड्डी खेळलेल्याला हे पटकन कळेल, रेडर समोरच्याच्या अगदी जवळ जातो, हात लांब करतो, पण वजन असं ठेवतो की त्याच क्षणी परत फिरता येईल. वजन पुढे सांडलं की पकड पडलीच.

तर सुरुवात पवित्र्यापासून. हा शब्द आपल्याकडे कुस्तीत, लाठीकाठीत आधीपासून आहे आणि बॉक्सिंगच्या स्टान्सला तो तंतोतंत बसतो. उजवखोरा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो, त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात, आणि डावखोरा उजवा पाय पुढे ठेवतो, तो साऊथपॉ. दोन पायांत खांद्याएवढं किंवा किंचित जास्त अंतर, पुढचा पाय थोडा आत वळलेला, मागच्या पायाची टाच जमिनीपासून जरा उचललेली, वजन चवड्यावर, गुडघे सैल. आणि दोन्ही पाय एका रेषेत नकोत, रेल्वेच्या दोन रुळांवर एकेक पाय ठेवल्यासारखे हवेत, एक पुढच्या बाजूला आणि एक मागच्या.

असं का, ते धक्का दिल्यावर समजतं. घरात करून बघा. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून उभे राहा आणि कोणाला तरी छातीवर हलकंसं ढकलायला सांगा, तुम्ही मागे जाणार. आता दोन्ही पाय एकामागे एक, दोरीवर चालल्यासारखे ठेवा आणि बाजूने ढकलायला सांगा, तुम्ही आडवे जाणार. तिरका पवित्रा घेतला की दोन्ही दिशांना पाय टेकू देतात. आपल्या अंगाचं वजन एका बिंदूतून खाली जातंय असं धरा, तो बिंदू दोन पायांच्या मधल्या जागेत राहिला तर तोल राहतो आणि त्या जागेच्या बाहेर गेला की तुम्ही पडायला लागता, मग तुम्हाला कोणी मारो न मारो. उस्ताद आम्हाला शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव, करताना मागून येऊन अचानक खांद्याला धक्का द्यायचे. जो हलला त्याला परत पहिल्यापासून. "पाय कुठं हायेत तुझं?" एवढंच विचारायचे, हाताबद्दल पहिले दोन महिने एक शब्द बोलले नाहीत.

आता या पवित्र्यातून चालायचं कसं. रोज चालतो तसं चालता येत नाही कारण चालताना आपण एक पाय दुसऱ्याच्या पुढे टाकतो, म्हणजे मधल्या एका क्षणाला दोन्ही पाय जवळ येतात किंवा एकमेकांना ओलांडतात, आणि त्या क्षणाला ठोसा बसला तर खाली टेकू काहीच नाही. म्हणून नियम असा की ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा पाय आधी. पुढे जायचं तर पुढचा पाय आधी आणि मागचा त्याच्यामागे तेवढाच सरकतो. मागे जायचं तर मागचा पाय आधी. डावीकडे डावा आधी, उजवीकडे उजवा आधी. पावलं चार-सहा इंचांची, चवडे जमिनीला जवळजवळ घासत, आणि पाऊल संपलं की पाय परत आधीच्याच अंतरावर. वाचायला सोपं आहे पण अंगात बसायला महिने जातात, कारण चालण्याची आयुष्यभराची सवय मोडायची असते. त्यासाठी उस्ताद घोट्यांना सुतळी बांधायचे, दीड एक फूट लांब, दोन्ही पायांच्या मध्ये. पाय जास्त फाकले की सुतळी ताणायची, आणि जवळ आले की ती लोंबून बुटाखाली यायची, आपोआप कळायचं. आता मी शिकवतो तिथे जमिनीवर टेप लावतो, पण सुतळीइतकं चांगलं काही नाही असं माझं मत आहे.

बुटांचंही सांगतो कारण नवीन मुलं हमखास चुकतात. रनिंगचे जाड सोलचे शूज घालून येतात. ते सरळ पळायला बनवलेले असतात, बाजूला सरकताना आणि चवड्यावर गिरकी घेताना ते अडकतात आणि घोटा मुरगळतो. बॉक्सिंगचे शूज पातळ सपाट तळाचे असतात ते याचसाठी. रिंगचा तळही फरशीसारखा कडक नसतो, लाकडावर फोम आणि त्यावर ताणलेला कॅनव्हास, त्यामुळे फरशीवर छान नाचणारा मुलगा रिंगमध्ये गेला की दुसऱ्या राऊंडला पोटऱ्या धरून उभा राहतो.

डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई आठवा. खाली पावलं भराभर पडतात पण डोकं वरखाली होत नाही, सगळा हिशोब कंबर आणि गुडघे करतात. चांगला बॉक्सर तसाच सरकतो. कायम उड्या मारणं म्हणजे फुटवर्क असं बऱ्याच जणांना वाटतं, पण उडी मारली की तुम्ही क्षणभर हवेत असता आणि हवेतून ना ठोसा मारता येतो ना दिशा बदलता येते. काही जणांना उड्यांची लय जमते, ती हलकी आणि जमिनीलगत असते, पण शिकणाऱ्याने आधी सरकायला शिकावं.

नॉकडाऊनबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. नियमाने ठोसा लागून पायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग कॅनव्हासला टेकला तर तो नॉकडाऊन, रेफ्री आठपर्यंत मोजतो. बघणाऱ्याला वाटतं केवढा जोरात लागला असेल. पण कितीतरी वेळा ठोसा साधाच असतो, पाय त्या क्षणी सरळ रेषेत किंवा अगदी जवळ असतात आणि माणूस धप्पकन बसतो, लगेच उठतो, चेहऱ्यावर वेदना नाही, फक्त आश्चर्य. पुढच्या वेळी असं दिसलं तर रिप्लेमध्ये पाय बघा.

आता अंतर, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जवळून निघाला तर तो बघून, मग ठरवून, मग हलायला वेळच उरत नाही. मग चांगले बॉक्सर चुकवतात कसे? ते समोरच्याला अशा अंतरावर ठेवतात की त्याला मारायचं असेल तर आधी पाऊल टाकावं लागेल. हात विजेसारखा येतो पण पाऊल तेवढं वेगात येत नाही, ते दिसतं. म्हणजे त्याच्या पावलाची तुम्हाला आधीच चिठ्ठी मिळते. पाऊल पडलं की तुम्ही अर्धं पाऊल मागे, ठोसा नाकाच्या चार बोटं आधी संपतो, हात परत जात असतानाच तुम्ही आत शिरून मारता. चार बोटं हे महत्त्वाचं, चार फूट नाही. चार फूट मागे गेलात तर तुम्हीही मारू शकत नाही आणि मग ते खरंच पळणं झालं.

आणि मागे किती जायचं? आमच्याकडे सांगायचे दोन पावलं मागे, तिसरं बाजूला. कारण साधं आहे, पुढे येणारा माणूस मागे जाणाऱ्यापेक्षा कायम जास्त वेगात असतो, त्यामुळे सरळ मागे जात राहिलात तर तिसऱ्या-चौथ्या पावलाला तो गाठतोच आणि पाठीला रोप, म्हणजे रिंगचा दोर, लागतो. माझी पहिली जिल्ह्याची बाउट मी अशीच हरलो. पूर्ण तीन राऊंड सरळ रेषेत मागे, दर वेळी पाठीला रोप, दर वेळी तोच उजवा हात. हात उचलून गार्ड घट्ट धरला होता मी, पण गार्डवर मार खाऊन पॉइंट मिळत नाहीत. बाउट झाल्यावर उस्ताद रागावले नाहीत, मला परत रिंगपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, मोज. रोपच्या आत ६.१० मीटरची बाजू, सहा मीटर तिकडे आणि सहा मीटर इकडे. "एवढी जागा दिली होती तुला, तू एक गल्ली वापरलीस."

अलीचं उदाहरण इथे नीट समजून घ्यायला हवं कारण त्याची नक्कल करून खूप मुलं मार खातात. अली हात खाली ठेवायचा आणि ठोसा आला की मान-छाती सरळ मागे ओढायचा. कुठलाही कोच हे शिकवत नाही. त्याला ते चालायचं कारण त्याच्या पायांनी आधीच अंतर असं ठेवलेलं असायचं की मागे ओढायला जागा शिल्लक असायची. तरीसुद्धा १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरच्या डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, तो खाली गेला होता. पुढे व्हिएतनामच्या सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे साडेतीन वर्षं त्याला लढता आलं नाही, परत आला तेव्हा पाय आधीचे राहिले नव्हते, आणि ८ मार्च १९७१ ला जो फ्रेझरने पंधराव्या राऊंडला डाव्या हुकनेच त्याला पाडलं. डाव्या हुकला डोकं सरळ मागे नेणं फार धोक्याचं असतं, हुक गोलातून येतो आणि हनुवटी वर उचललेली असते.

मग डोकं हलवायचं कसं? सरळ ठोसा, म्हणजे जॅब किंवा मागच्या हाताचा क्रॉस, एका रेषेत येतो, त्याला बाजूला व्हायला काही इंच पुरतात, कानाला ग्लोव्ह घासून गेला तरी चालेल. याला स्लिप म्हणतात. हुक आडवा येतो, त्याच्या खालून जावं लागतं, तो डक किंवा रोल. आणि इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कंबरेतून वाकणं. कंबरेतून वाकला की नजर जमिनीकडे जाते, तोल पुढे जातो आणि खालून येणारा अपरकट दिसतच नाही. वाकायचं गुडघ्यांतून, बसायला सुरुवात केल्यासारखं, पाठ बऱ्यापैकी ताठ, नजर समोरच्याच्या छातीवर. आमच्याकडे दोन खांबांना खांद्याच्या उंचीवर दोरी बांधलेली असते आणि मुलं त्या दोरीखालून डावीकडे-उजवीकडे करत पुढे जातात, पाऊल आणि डोकं एकत्र. नुसतं डोकं हललं आणि पाय थिजलेले राहिले तर मी परत पाठवतो.

स्लिपमध्ये वजन कुठे जातं हेही बघण्यासारखं आहे. तुम्ही डावीकडे स्लिप केलात की वजन डाव्या पायावर येतं, डावी कंबर दाबलेल्या स्प्रिंगसारखी होते, म्हणजे डाव्या हुकची तयारी आपोआप झाली. उजवीकडे गेलात तर उजवा हात तयार. चुकवणं हाच पुढच्या ठोशाचा पहिला भाग. माईक टायसनचं सगळं बॉक्सिंग यावर उभं होतं. कस डी'अमाटो या त्याच्या कोचने त्याला दोन्ही ग्लोव्ह गालाला लावून, गुडघे वाकवून, डोकं सतत एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेत आत शिरायला शिकवलं. टायसन हेवीवेटच्या मानाने बुटका, जेमतेम ५ फूट १० इंच, त्यामुळे लांबून मारण्यात त्याचा फायदाच नव्हता, जवळ जाणं भाग होतं आणि जवळ जाईपर्यंत मार न खाणं हा त्याचा बचाव होता. २२ नोव्हेंबर १९८६ ला वयाच्या २० व्या वर्षी तो हेवीवेटचा सगळ्यात तरुण जगज्जेता झाला. लोकांना त्याचे नॉकआऊट आठवतात पण त्या मॅचेस परत बघा, बऱ्याच नॉकआऊटच्या आधी एक चुकवलेला ठोसा आहे. आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसकडून हरला ती मॅच बघा, डोकं मधोमध थांबलेलं आणि डग्लसचा लांब जॅब सारखा तोंडावर.

पाय आणि तोल या दोन्हीचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे युक्रेनचा वासिल लोमाचेन्को. २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक गोल्ड. त्याच्या वडिलांनी, तेच त्याचे कोच, लहानपणी त्याला बॉक्सिंग थांबवून काही वर्षं युक्रेनचं पारंपरिक नृत्य शिकायला पाठवलं होतं. आपल्याकडे कोणी बाप असं करेल का माहीत नाही, पण कथक किंवा लावणी शिकणाऱ्या मुलीचे पाय बघितलेत तर त्या माणसाने काय विचार केला असेल ते लगेच कळतं, तालात वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायचं आणि वरचं अंग शांत ठेवायचं.

लोमाचेन्को काय करतो ते सावकाश बघू. तो साऊथपॉ, उजवा पाय पुढे. समोर ऑर्थोडॉक्स असेल तर त्याचा डावा पाय पुढे, म्हणजे दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात. लोमाचेन्को उजव्या हाताने जॅब टाकतो किंवा नुसता समोरच्याच्या ग्लोव्हला हात लावतो, समोरचा क्षणभर त्या हाताकडे बघतो, आणि तेवढ्यात याचा उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर पडलेला असतो. मग त्या पायाच्या चवड्यावर गिरकी, मागचा पाय गोल फिरून येतो, याला पिव्हट म्हणतात. आता हा समोरच्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूला उभा आहे. याच्या समोर पूर्ण बरगडी आणि कान उघडा. त्याला मात्र याला मारायचं तर आधी दोन्ही पाय उचलून वळावं लागेल, आणि वळत असताना ठोसा मारता येत नाही, उजवा हात तर स्वतःच्याच अंगाआड गेलाय. त्या अर्ध्या सेकंदात लोमाचेन्को तीन-चार मारतो, आणि समोरचा वळेपर्यंत परत बाजूला. ९ डिसेंबर २०१७ ला न्यूयॉर्कमध्ये गिलेर्मो रिगाँडो त्याच्यासमोर होता, क्यूबाचा, त्याचीही दोन ऑलिंपिक गोल्ड, आणि तो प्रोफेशनलमध्ये तोपर्यंत एकही मॅच हरलेला नव्हता. वयाने मोठा आणि दोन वजनी गट वर येऊन लढत होता हे खरं. पण त्याला लोमाचेन्को सापडेनाच, शेवटी धरून ठेवायला लागला, त्यासाठी पॉइंट कापला गेला, आणि सहा राऊंडनंतर हाताच्या दुखापतीचं कारण सांगून तो स्टुलावरच बसून राहिला.

दोघांचे पुढचे पाय समोरासमोर आले की कोणाचा पाय बाहेर राहतो याची एक वेगळी झटापट सुरू असते. ज्याचा पाय बाहेर, त्याचा मागचा जोराचा हात सरळ समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेत येतो. २५ सप्टेंबर २०२१ ला लंडनला ओलेक्झांडर उसिक आणि अँथनी जोशुआची मॅच झाली ती यासाठी बघावी. जोशुआ तीन इंच उंच, वजनही चांगलंच जास्त, हातही लांब. उसिक साऊथपॉ, बारा राऊंड कधी आत कधी बाहेर, कधी पायाने पुढे यायची हूल देऊन थांबायचा, जोशुआ त्या हुलीला दाद द्यायचा आणि त्याचा स्वतःचा ठोसा निघायचाच राहून जायचा. तिन्ही जजेसनी उसिकला जिंकवलं. हूल हाताने देतात हे सगळ्यांना माहीत असतं, पायाने दिलेली हूल त्याहून भारी, कारण पाऊल पडलं की ठोसा येणार हे समोरच्याच्या अंगात मुरलेलं असतं.

फ्लॉइड मेवेदरची पद्धत वेगळी. तो वजन मागच्या पायावर ठेवतो, डावा हात खाली पोटाशी, डावा खांदा हनुवटीपाशी उचललेला, उजवा हात गालाजवळ. उजवा ठोसा आला की खांदा गोल फिरवतो, ठोसा खांद्यावरून घसरून जातो आणि त्याच फिरण्यातून याचा उजवा हात परत येतो. २ मे २०१५ ला फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियावने त्याच्यावर ४२९ ठोसे टाकले त्यातले मोजणाऱ्यांच्या हिशोबाने ८१ लागले, म्हणजे पाचातला एकही पूर्ण नाही. आमच्याकडे दर महिन्याला एखादा मुलगा डावा हात खाली सोडून ही नक्कल करतो. मी त्याला सांगतो, खांद्याचं नंतर बघू, आधी मागच्या पायावर वजन ठेवून उभा राहा आणि मी ढकलतो. मेवेदर लहानपणापासून हे करत आलाय, त्याचे वडील आणि काका दोघेही बॉक्सर, मागच्या पायावरून त्याला तोल न घालवता तिन्ही दिशांना जाता येतं.

इथे एक फरक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काही जण नुसत्या प्रतिक्षिप्त वेगावर वाचतात आणि काही जण जागेवर, म्हणजे उभं कुठे राहायचं यावर. रॉय जोन्स ज्युनियर पहिल्यातला. हात कमरेला, हनुवटी पुढे, आणि तरी लागायचं नाही कारण त्याचा वेग कोणाकडेच नव्हता. मिडलवेटपासून हेवीवेटपर्यंत जगज्जेता झाला. मग मे २००४ मध्ये, वय ३५, अँटोनियो टार्व्हरचा एक डावा हात दुसऱ्या राऊंडला लागला आणि तो पडला, आणि त्यानंतर वारंवार पडला. बर्नार्ड हॉपकिन्स दुसऱ्यातला. फार वेग नाही, पण अर्धं पाऊल इकडे, अर्धं तिकडे, समोरच्याला हात चालवायची जागाच द्यायची नाही. मे २०११ मध्ये ४६ व्या वर्षी तो जगज्जेता झाला, त्याआधी ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनचा विक्रम होता. मुलांना शिकवताना मी हॉपकिन्स दाखवतो. मुलांना कंटाळा येतो, पण मी दाखवतो.

मग इतके चांगले पाय असलेल्याला हरवतात कसे? एक म्हणजे त्याच्यामागे धावायचं नाही. तो गोल फिरतोय तर तुम्ही आडवं सरकून त्याच्या वाटेत उभं राहायचं, हळूहळू त्याचा कोपरा लहान करत न्यायचा, जसं अंगणात कोंबडी धरताना आपण तिच्यामागे पळत नाही, हात पसरून कोपऱ्याकडे रेटतो. लिस्टनने हेच केलं नव्हतं. दुसरं म्हणजे पोट. डोकं हलवता येतं पण पोट कुठे नेणार, आणि बरगडीखाली दहा-बारा ठोसे बसले की श्वास तुटतो आणि पाय जड होतात. खुद्द लोमाचेन्को त्याच्या दुसऱ्याच प्रोफेशनल मॅचमध्ये, मार्च २०१४ मध्ये, ऑर्लांडो सालिडोकडून हरला. सालिडोचं वजन मर्यादेपेक्षा जास्त भरलं होतं आणि त्याचे बरेच ठोसे पट्ट्याच्या खाली, म्हणजे नियमाबाहेर, होते, त्यावर लोक अजून चिडतात, मीही चिडतो, पण पोटावर मारत राहून पाय थांबवायचा त्याचा बेत बरोबर होता.

आणि पळतोय की खेळतोय हे ठरवण्यात जजसुद्धा चुकतात. सप्टेंबर १९९३ मध्ये सॅन अँटोनियोला पर्नेल व्हिटेकर आणि ८७ मॅचेस जिंकून आलेला हुलिओ सेझार चावेझ. व्हिटेकर त्याच्यासमोर कधी गुडघ्याएवढा खाली जायचा, कधी बाजूला, आणि उठताना जॅब मारून उठायचा. निकाल ड्रॉ दिला. ती मॅच व्हिटेकरने जिंकली होती असं बहुतेक बघणाऱ्यांचं मत आहे आणि माझंही तेच. हौशी बॉक्सिंगमध्ये आता प्रत्येक राऊंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला कमी असे मार्क असतात आणि स्वच्छ लागलेले ठोसे बघितले जातात, त्यामुळे नुसतं फिरून काही मिळत नाही, चुकवल्यावर मारावं लागतंच. रिओ २०१६ पासून ऑलिंपिकला पुरुषांच्या डोक्यावर हेडगार्डही नसतो, म्हणजे चुकवणं अजूनच गरजेचं.

आपल्याकडचं बघायचं असेल तर अमित पंघालच्या मॅचेस बघा. उंचीने लहान, साऊथपॉ, जवळजवळ प्रत्येक जण त्याच्यापेक्षा लांब हाताचा. तो बाहेर थांबतो, आत येतो, दोन-तीन मारतो आणि लगेच बाहेर, पण बाहेर जाताना आला त्या वाटेने जात नाही. २०१८ च्या एशियन गेम्सच्या फायनलला त्याने रिओचा गोल्ड मेडलिस्ट उझबेकिस्तानचा दुस्मातोव्ह ३-२ ने हरवला. ती मॅच आधी नेहमीसारखी बघा आणि मग स्क्रीनच्या वरच्या भागावर हात ठेवून परत बघा.

आमच्या क्लबात एक मुलगी येते, चौदा वर्षांची. तीन महिने तिचा एकच प्रॉब्लेम, दबाव आला की दोन्ही पाय जवळ आणि डोळे बंद, ग्लोव्ह तोंडावर. मागच्या महिन्यात स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, ती परत कॉर्नरमध्ये अडकली, समोरची तिच्यापेक्षा मोठी, उजवा हात जोरात टाकणारी. मी बेल मारायच्या बेतात होतो. उजवा हात निघाला, आणि ही डावीकडे झाली, डावा पाय बाहेर टाकला आणि त्याच्यावर फिरली. समोरचीचा ठोसा कॉर्नरच्या पॅडवर बसला, मोठा आवाज झाला. आता कॉर्नरमध्ये ती आणि ही बाहेर. ही तशीच उभी, काय झालं तिलाच कळेना, मी ओरडलो, "मार ना गं!" मग तिने दोन जॅब टाकले, एक लागला. मी हात बघत नव्हतो, मी खाली बघत होतो. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, मागची टाच उचललेली.